घरची कारागिरी : सायकलीचा गळका चिमटा

वसईगांवांत पारनाक्याच्या आसपास ज्यांचीं जुनीं घरें आहेत, त्यांच्या पडवींत एकदोन सायकली भिंतीस टेकलेल्या असावयाच्याच. स्टेशन तीनएक मैलांवर, रस्ते सपाट, आणि घरचीं बाहेरचीं निम्मींअधिक कामें दोन चाकांवर होण्यासारखीं. आमच्या एकत्र कुटुंबांतहि लहानमोठ्या मिळून पांच सायकली आहेत. त्यांपैकीं चार सायकलींविषयीं विशेष लिहिण्यासारखें कांहीं नाहीं. पांचवी मात्र डोंगरी सायकल आहे. आमच्या थोरल्या पुतण्यानें अमेरिकेंत शिकत असतांना ती घेतली, परत येतांना सुटी करून खोक्यांत घालून आणली, आणि पुढें नोकरीनिमित्त पुण्यास जातांना धाकट्या भावाच्या स्वाधीन केली. तिचें वय आतां पंधरा वर्षांचें आहे.

गेल्या आश्विनांत पाऊस उघडल्यावर हा धाकटा पुतण्या मित्रांबरोबर तुंगारेश्वरास गेला. सातिवलीकडून देवळाकडे जाणारी वाट ज्यांनीं पाहिली आहे त्यांना तिचें वर्णन सांगावयास नको. दगडगोटे, मध्येंच आडवे येणारे ओहोळ, आणि परततांना उतार. त्या उतारावर एका ओहोळाच्या तोंडाशीं त्यानें पुढचा ब्रेक दाबला, आणि ब्रेकानें धरलेंच नाहीं. सायकल गोट्यांवर गेली आणि स्वार पाण्यांत. ईश्वरकृपेनें कोपर व गुडघा खरचटण्यावर निभावलें. परंतु संध्याकाळीं तो सायकल हातांत धरून अंगणांत शिरला, तेव्हां त्याच्या आईच्या तोंडचें पाणी पळालें.

“भावोजी, ही सायकल उद्यांच्या उद्यां भंगारांत द्या,” वहिनी आम्हांस म्हणाल्या.

“भंगारांत देण्यापूर्वीं ब्रेकानें कां धरलें नाहीं, तें तरी पाहूं द्या,” असें म्हणून आम्हीं थोडी मुदत मागून घेतली. त्या मुदतींत काय सांपडलें, आमची चूक कोठें झाली आणि ती कशी निस्तरली, हें या महिन्याच्या प्रकरणांत सांगण्याचें योजिलें आहे. ज्यांच्या घरीं अशी सायकल आहे त्यांना त्याचा उपयोग होईल; ज्यांच्या घरीं नाहीं त्यांनाहि मुलांच्या हट्टामुळें ती केव्हां येईल याचा नेम नाहीं.

सायकलीचें पुढचें चाक ज्या दोन पायांत धरलेलें असतें, त्या भागास आमच्याकडील दुरुस्तीवाले ‘चिमटा’ म्हणतात. साध्या सायकलीचा चिमटा एकसंध असतो. डोंगरी सायकलीच्या चिमट्याचा प्रत्येक पाय दोन नळ्यांचा केलेला असतो. वरची बारीक, गुळगुळीत नळी खालच्या जाड नळींत, तलवार म्यानांत जावी तशी, वरखालीं सरकते. आंत स्प्रिंग असते, म्हणून चाक दगडावर आदळलें तरी हिसका मनगटापर्यंत पोंचत नाहीं. पण नुसती स्प्रिंग असेल तर सायकल बेडकासारखी उड्या मारीत राहील. तिला आवर घालण्याचें काम तेल करतें. रंगपंचमीची पिचकारी ज्यानें हातांत धरली आहे त्याला हें लगेच समजेल. दट्टा हळू दाबला तर पाणी मुकाट्यानें बाहेर येतें. जोरानें दाबूं गेलें तर बारीक भोंक आडवें येतें आणि दट्टा हाताशीं झगडतो. चिमट्यांतील दट्टाहि तसाच बारीक भोंकांतून तेल रेटीत असतो, आणि त्या रेट्यांत उसळीचा जोर जिरून जातो.

ही युक्ति मूळची मोटारसायकलीची. इंग्लंडांत आल्फ्रेड स्कॉट यांच्या मोटारसायकलीस १९०८ सालींच सरकत्या नळ्यांचा चिमटा होता. १९३५ सालीं जर्मनींतील बीएमडब्ल्यू कंपनीनें तेलानें आवर घालणारा चिमटा आपल्या आर-१२ व आर-१७ या गाड्यांस बसविला. पायानें मारावयाच्या डोंगरी सायकलीस हें सुख मिळावयास आणखी अर्धें शतक जावें लागलें. पॉल टर्नर यांनीं काढलेल्या रॉकशॉक्स कंपनीचा आरएस-१ हा चिमटा १९८९ सालीं अमेरिकेंत बाजारांत आला. पुढच्याच वर्षीं कोलोरॅडो संस्थानांतील ड्युरँगो येथें डोंगरी सायकलींची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, आणि तींत नेड ओव्हरेंड यांनीं पहिला क्रमांक पटकावला तो असल्याच चिमट्यावर बसून. तेव्हांपासून हा चिमटा डोंगरी सायकलीचें जणूं लक्षणच होऊन बसला.

आतां आमच्या सायकलीकडे वळूं. दिव्याच्या उजेडांत पाहिलें तों डाव्या पायाची नळी म्यानांत शिरते तेथून तेलाचा काळसर ओघळ निघून थेट खालीं ब्रेकापर्यंत गेलेला दिसला. या सायकलीचा ब्रेक चाकाच्या कडेवर नसून आंसाजवळच्या पोलादी चकतीवर असतो. तिला डिस्क म्हणतात, आणि पुढच्या चाकाची डिस्क डाव्या अंगास असते. गळणारें तेल नेमकें तिच्यावर उतरलें होतें. तेल लागलेली डिस्क ब्रेकाच्या पॅडांतून माशासारखी निसटते. चिमटा गळतो हें पुतण्यास महिनाभर ठाऊक होतें. “थोडें तेल येतें, फडक्यानें पुसतों,” असें तो म्हणाला. तें फडकेंच बहुधा तेल डिस्कपर्यंत नेण्यास मदत करीत असावें.

येथें एक गोष्ट स्पष्ट करणें अवश्य आहे. वरच्या नळीवर तेलाचें केंसासारखें बारीक कडें दिसलें तर तो रोग नव्हे. तितकी ओल असल्यावांचून नळी सुरळीत सरकणारच नाहीं. थेंब सांचूं लागले किंवा ओघळ लागला म्हणजे तो रोग. आणि हा ओघळ कोठून निघतो, तें आधीं पाहावें. नळी व म्यान यांच्या सांध्यांतून आला, तर तेथील रबरी सील गेलें आहे. पायाच्या तळाच्या बोल्टापाशीं ओल असली, तर बोल्टाखालचा चेपणारा वायसर बदलावा. तेवढ्यानें भागलें नाहीं तर आंतल्या दट्ट्याचें सील गेलें असें समजावें. माथ्यावरच्या टोपणाशीं तेल आलें, तर टोपणाखालची रबरी कडी पाहावी. बहुतेक चिमट्यांत डाव्या पायांत स्प्रिंग व उजव्या पायांत तेलाचा दट्टा असतो. दोन्ही पायांच्या तळाशीं निराळें थोडें तेल घातलेलें असतें, तें केवळ नळ्यांच्या वंगणासाठीं. आमचा ओघळ डाव्या पायाच्या सांध्याचा, म्हणून दट्टा शाबूत आहे आणि सील तेवढें गेलें आहे, असें आम्हीं अनुमान केलें. तें अनुमान खरें होतें, परंतु अपुरें होतें. त्याची हकीकत पुढें येईल.

जवळच्या एका दुकानांत विचारलें तेव्हां “इतका जुना चिमटा कोण उघडतो? नवा घाला,” असें उत्तर मिळालें. मोटारसायकली दुरुस्त करणारे एक गृहस्थ अधिक समंजस निघाले. “शॉकअपचें ऑइल सील आम्ही रोज बदलतों. हेंहि तसेंच, फक्त अंगानें नाजूक,” असें सांगून त्यांनीं आम्हांस धीर दिला. मात्र मोटारसायकलीचें सील येथें चालत नाहीं. नळीचा व्यास मोजून त्याच मापाचा, त्याच चिमट्याचा संच मागवावा लागतो. आमची नळी ३२ मिलिमीटरची निघाली. संचांत दोन तेलाचीं सीलें, दोन धुळीचीं सीलें व स्पंजाच्या दोन कड्या होत्या. चेपणारे वायसर निराळे मागविले.

काम आम्हीं एका रविवारीं मागल्या अंगणांत केलें. प्रथम पुढचें चाक व ब्रेकाचा जबडा काढून दूर ठेवले. आमच्या चिमट्यांत पोलादी स्प्रिंग आहे. पण ज्यांच्या चिमट्यांत स्प्रिंगेऐवजीं हवा भरलेली असते, त्यांनीं ती सगळी सोडल्यावांचून एकहि बोल्ट सैल करूं नये. तसें केल्यास नळी उसळून इजा होते. नंतर उजव्या पायाच्या तळाचें फिरवावयाचें बोंड हलकेंच ओढून काढलें आणि तळाचे दोन्ही बोल्ट ॲलन कीनें तीनचार आटे सैल केले. ते पूर्ण काढावयाचे नाहींत. सैल बोल्टाच्या माथ्यावर रबरी हातोडीनें ठोके दिले म्हणजे आंतला दांडा म्यानापासून सुटतो. मग बोल्ट काढावा. खालीं जुनी परात धरली होती. डाव्या पायांतून जेमतेम चमचाभर काळें तेल पडलें, उजव्यांतून त्याच्या तिप्पट. म्यान दोन्ही हातांनीं धरून सरळ खालीं ओढल्याबरोबर निघून आलें.

जुनीं सीलें काढतांना घाई करूं नये. म्यानाचा धातु बहुधा मॅग्नेशियमचा व मऊ असतो. स्क्रू-ड्रायव्हरनें खुपसून सील उपटूं गेल्यास त्याच्या बैठकीवर चरा पडतो, आणि मग नवें सीलहि गळतें. आम्हीं मोठ्या पान्याचें गुळगुळीत टोंक सीलाखालीं घालून, म्यानाच्या कांठावर फडक्याची घडी ठेवून, हळूहळू उचकलें. आंतून साफ करावयास आयसोप्रोपिल अल्कोहोल व जुन्या धोतराचे तुकडे वापरले; धोतरास सूत सुटत नाहीं हा त्याचा मोठा गुण. रॉकेल किंवा पेट्रोल वापरूं नये, त्यानें रबर फुगतें. स्पंजाच्या कड्या तेलांत भिजवून घातल्या, आणि सीलें सरळ बसावीं म्हणून त्यांच्या बाहेरच्या व्यासाएवढ्या पीव्हीसी नळाचा वीतभर तुकडा वर ठेवून त्यावर हातोडीनें ठोकलीं. हा तुकडा वाडींतल्या पाण्याच्या नळाचा उरलेला होता.

तेलाचें माप आमच्या कन्येनें औषधाच्या सिरिंजनें घेतलें. आमच्या चिमट्यास प्रत्येक पायांत १५ मिलिलिटर लागतें. प्रत्येक चिमट्याचें माप व तेलाचा दाटपणा निराळा असतो, तो कंपनीच्या तक्त्यांत पाहावा. मोटारीच्या इंजिनाचें तेल अदमासानें ओतूं नये. वरच्या नळ्या म्यानांत घालतांना सीलाचा ओंठ आंत दुमडणार नाहीं अशी काळजी घेतली, नळ्या अर्ध्या आंत गेल्यावर चिमटा उलटा धरून तळाच्या भोकांतून तेल सोडलें, मग म्यान पुरतें सरकवून नव्या वायसरांसह बोल्ट आवळले. बोल्ट फार आवळूं नयेत. आमच्या चिमट्यास सात न्यूटन-मीटर पुरेसे होतात. सगळें काम तीन तासांत आटोपलें, आणि आम्ही मनांतून बरेच खूष झालों.

ही खुषी दहा दिवस टिकली. पुतण्या रोज किल्ल्यापर्यंत एक फेरी मारून येई; तुंगारेश्वरास तूर्त जावयाचें नाहीं, अशी वहिनींची ताकीद होती. अकराव्या दिवशीं सकाळीं त्यानें आम्हांस पडवींत बोलाविलें. डाव्या पायावर पुन्हां तोच ओघळ होता.

“काका, सीलच खराब निघालें असेल,” तो म्हणाला.

आमच्याहि मनांत प्रथम तेंच आलें. दोष दुसऱ्याच्या मालांत असला म्हणजे मनुष्यास बरें वाटतें. पण त्याच क्षणीं आम्हांस आमच्या तीर्थरूपांची आठवण झाली. घरांत पितळी स्टोव्ह होता तेव्हां पंपाचा दाब धरेनासा झाला, कीं आम्ही उठून बाजारांत पंपाचें चामडें आणावयास निघत असूं. तीर्थरूप थांबवीत आणि म्हणत, “आधीं पंपाच्या नळींत करंगळी फिरवून पाहा. चामडें आठ आण्यांचें आहे, पण नळी ओरखडलेली असली तर दहा चामडीं घालशील आणि दहाहि फुकट जातील.” चिमट्याचें सील तरी दुसरें काय आहे? एक मऊ ओंठ, एका कठीण नळीस घट्ट लागून राहिलेला. आम्हीं ओंठ बदलला, नळीकडे पाहिलेंच नाहीं.

मग नळी अल्कोहोलनें स्वच्छ पुसून तिच्यावर अंगठ्याचें नख वरून खालीं, सर्व बाजूंनीं फिरविलें. सीलाच्या वर तीन बोटांवर, बाहेरच्या अंगास, नख अडलें. तेथें खसखशीच्या दाण्याएवढा खळगा होता. नळी पोलादाची असून तिच्यावर क्रोमचा मुलामा आहे. मुलाम्याखालीं गंज शिरून तेवढा टवका उडाला होता. दगडावरून जातांना नळी म्यानांत दबली, कीं खळग्याची धारदार कड सीलाच्या ओंठावरून खालीं जाई व परत वर येई. एका फेरींत असे शेंकडों खेटे. प्रत्येक खेट्यास ओंठ कणभर कापला जाई आणि खळगा आपल्या पोटांत तेलाचा कण घेऊन बाहेर येई.

गंज डाव्याच नळीस कां लागला, याचा उलगडाहि मग झाला. आमची पडवी पश्चिमेकडे तोंड करून आहे. सायकल नेहमीं उजव्या अंगानें भिंतीस टेकलेली, म्हणजे डावी बाजू बारा महिने समुद्राच्या वाऱ्याकडे. वसईस खिडकीचे गज आणि दारांच्या कड्या या वाऱ्यानें कशा खाल्ल्या जातात हें आम्ही जन्मभर पाहत आलों, पण सायकलीच्या बाबतींत तें आमच्या ध्यानांत आलें नाहीं.

उपाय साधा आहे, पण हात हलका पाहिजे. २००० नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर ओला करून खळग्याची उंच कड तेवढी घांसून काढली. घांसावयाचें तें नळीच्या भोंवतीं, आडवें. उभे चरे पडले तर तेल त्यांतूनच वर चढतें. नंतर जागा पूर्ण कोरडी व निस्तेल करून खळगा नखाच्या रंगानें भरला. पातळ थर देऊन वाळूं द्यावयाचा, मग दुसरा. रात्रभर वाळल्यावर त्याच पेपरानें तो नळीच्या पृष्ठाशीं सपाट केला. नख फिरविलें तर अडूं नये, ही परीक्षा. यासाठीं लागलेली रंगाची बाटली वहिनींच्या फडताळांतून न विचारतां घेतली गेली होती, तिच्याविषयीं आम्हांस दोन शब्द ऐकावे लागले. त्याहून अधिक लागलें तें हें, कीं अकरा दिवसांत कापलेलें नवें सील टाकून पुन्हां दुसरा संच घ्यावा लागला. पहिल्या दिवशीं नख फिरविलें असतें तर तो खर्च वांचला असता.

हा उपाय लहान व एकट्यादुकट्या खळग्यापुरताच आहे. मुलामा पापुद्र्यासारखा सुटत असला, किंवा सील जेथें सरकतें त्या भागांत गंजाचे ठिपकेच ठिपके असले, तर नळीचा वरचा भाग किंवा सगळा चिमटा बदलणेंच श्रेयस्कर. नळी वाकलेली अथवा तडकलेली दिसली तर विचारहि करूं नये. जुनी वस्तु राखावी हें खरें, पण मुलाच्या हातापायांची जोखीम घेऊन राखूं नये.

ब्रेकाचें काय केलें, हेंहि सांगावयास हवें, कारण पुतण्या पडला तो ब्रेकामुळें. डिस्क अल्कोहोलनें तीन वेळां, दर वेळीं नव्या फडक्यानें पुसली आणि नंतर तिला बोट लावलें नाहीं. तेल प्यालेले पॅड मात्र टाकून दिले. ते विस्तवावर भाजून किंवा घांसून सुधारतात असें सांगणारे पुष्कळ भेटतात. परंतु उतारावर ज्यावर जीव टांगलेला असतो त्या वस्तूंत अशी काटकसर आम्हांस मान्य नाहीं. नवे पॅड घातल्यावर सपाट रस्त्यावर वीसएक वेळां हळूहळू वेग कमी करून ते डिस्कवर बसवून घेतले.

परातींतलें जुनें तेल बाटलींत भरून मोटार-दुरुस्तीच्या कारखान्यांत दिलें. तेथें असें तेल सांठवून पुढें पाठवितात. आमच्या भागांत वाडीवाडींतून विहिरी व बावखलें आहेत आणि जमिनींत जिरलेलें पाणीच त्यांत उतरतें. वाटीभर तेल झाडाच्या आळ्यांत किंवा गटारांत ओतलें तरी तें अखेर कोणाच्या तरी पोहऱ्यांत येणार, हें मुलांना यानिमित्तानें दाखवून देतां आलें.

मार्गशीर्षांत बसविलेलें सील आतां चैत्रांतहि कोरडें आहे. सायकलीची जागा बदलली आहे. ती आतां आंतल्या बोळांत, वारा लागणार नाहीं अशी उभी असते, आणि फेरीहून आल्यावर नळ्या ओल्या फडक्यानें पुसून कोरड्या केल्या जातात. जोराच्या पाण्याचा फवारा सीलावर मारावयाचा नाहीं असाहि दंडक घातला आहे, कारण त्यानें धूळ निघण्याऐवजीं आंत शिरते. कंपन्या ५० तासांच्या स्वारीनंतर तळाचें तेल बदलावें असें सांगतात. हिशेब ठेवणें ज्यांना जमत नाहीं त्यांनीं निदान वर्षांतून दोनदां, पावसाळ्यापूर्वीं एकदां व नंतर एकदां, म्यान उतरवून पाहावें. आणि उतरविलें म्हणजे सीलाआधीं नळी तपासावी.

गेल्या महिन्यांत पुतण्यानें पुन्हां तुंगारेश्वरास जाण्याची परवानगी मागितली. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. हात पुसून त्या बोळांत गेल्या, पुढचा ब्रेक दाबून सायकल दोनदां पुढें रेटून पाहिली, मग वांकून डाव्या नळीवर अंगठ्याचें नख वरपासून खालपर्यंत फिरविलें.

“जा. पण दर वेळीं जाण्याआधीं हें मला दाखवून जायचें,” त्या म्हणाल्या.

पावसाळा दोन महिन्यांवर आला आहे. तेव्हां पुढील अंकीं सायकलीची साखळी गंजापासून कशी राखावी, याविषयीं लिहूं.